दंडाचा घेर

डॉ. मंदाकिनी पटवर्धन यांनी बावीस वर्षं उंदरांचा रक्तदाब मोजला. जास्त मीठ खाल्लेल्या उंदरांच्या रक्तवाहिन्या कशा ताठर होत जातात, हा त्यांचा विषय. पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या मजल्यावर त्यांची प्रयोगशाळा होती. कामात त्या चोख होत्या. निबंध चांगल्या नियतकालिकांत छापून येत, पण ते वाचणारे जगात चाळीसेक असतील आणि त्यांतल्या बहुतेकांना बाई नावाने ओळखत.

द्वारका गावंडे वाशिमहून त्यांच्या हाताखाली आली. उंदराच्या शेपटीला पट्टा बांधून दाब कसा घ्यायचा, हे बाईंनीच तिला शिकवलं. तीन वर्षांनी द्वारका म्हणाली की तिला आता माणसं मोजायची आहेत, आणि ती सकाळी मार्केट यार्डात जाऊ लागली. कांदा-बटाट्याच्या गाळ्यांशेजारी दोन खुर्च्या टाकून तिने तीनशे बारा हमालांचा रक्तदाब घेतला. दिवसभर पोती वाहणारी ही धडधाकट माणसं, पण जवळजवळ निम्म्यांचा दाब जास्त निघाला.

तो निबंध गाजला. वर्तमानपत्रात फोटो आला, बाहेरून निधी आला, शेजारची मोठी खोली द्वारकेला मिळाली. त्या दिवसापासून बाई तिला 'अहो डॉक्टर' म्हणू लागल्या. घरी यजमान श्रीधरपंतांनी कौतुकाने विचारलं, ही तुझीच विद्यार्थिनी ना? बाईंनी आमटी वाढली आणि म्हणाल्या, "खुर्ची टाकून बसायला शिकवावं लागत नाही."

बाईंनी तो निबंध चार वेळा वाचला. चौथ्यांदा वाचला तो केवळ खोट काढायला, आणि ती सापडली. परिशिष्टात एकाच मापाच्या पट्ट्याची नोंद होती. हमालाचा दंड कारकुनाच्या दंडाएवढा नसतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खऱ्यापेक्षा वर जातो. म्हणजे त्या निम्म्यांतले कितीतरी जण निरोगी असणार. तेव्हा दिवाळीची सुट्टी चालू होती. बाईंना कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली.

द्वारकेची खोली भिंतीपलीकडेच होती. पण बाई गप्प राहिल्या. मार्चमध्ये पुण्यात परिषद भरणार होती.

परिषदेत द्वारकेचं भाषण संपल्यावर बाईंनी हात वर केला आणि सौम्य आवाजात विचारलं, "आपण दंडाचा घेर मोजला होता का?"

द्वारका म्हणाली, "नाही, मॅडम. चूक आहे माझी. सगळ्यांचं पुन्हा मोजते." एवढं बोलून तिने चूक वहीत लिहून घेतली. सभागृहात कोणीतरी टाळी वाजवली, आणि ती बाईंसाठी नव्हती.

द्वारकेने मोजमापाची फीत आणि मोठे पट्टे घेऊन पुन्हा यार्ड गाठलं. महिन्याभराने ती बाईंच्या खोलीत आली ती उतरल्या चेहऱ्याने. दाब जास्त निघालेल्यांची यादी तिने दवाखान्यात दिली होती; त्या यादीमुळे वैजनाथ नावाचा एक हमाल डिसेंबरपासून दाब उतरवणाऱ्या गोळ्या घेत होता. जानेवारीत त्याला पोत्यासकट घेरी आली आणि मनगट मोडलं. गोळ्या बंद करून मोठ्या पट्ट्याने मोजलं तर त्याचा दाब अगदी बरोबर होता.

"माझ्यामुळे झालं," द्वारका म्हणाली.

बाईंनी मनातल्या मनात महिने मोजले. गप्प राहता आलं असतं. कोणालाच कळलं नसतं.

"मला दिवाळीतच कळलं होतं," त्या म्हणाल्या.

"मग दिवाळीतच सांगायचं होतं, मॅडम," द्वारका म्हणाली आणि निघून गेली. ती ओरडली असती तर बाईंना सोपं गेलं असतं.

सुधारलेला निबंध पावसाळ्यानंतर आला. आकडा निम्म्यावरून चौथाईवर उतरला होता, तरी तो काळजी करण्याएवढा होताच. चूक डॉ. पटवर्धन यांनी दाखवली, असं द्वारकेने स्वच्छ लिहिलं होतं; कधी दाखवली, ते लिहिलं नव्हतं. छापण्याआधी बाईंनी आपलं नाव काढायला सांगितलं होतं, तिने काढलं नाही. या निबंधाचं पहिल्यापेक्षा जास्त कौतुक झालं. स्वतःची चूक इतक्या सरळपणे मांडणारा माणूस विरळा, असं सगळे म्हणत. बाईंना ते पटत होतं आणि नेमकं तेच सहन होत नव्हतं. फोटो, निधी, खोली यांचा हेवा त्यांनी कसाबसा पचवला असता.

तरी त्या दर शनिवारी यार्डात जाऊ लागल्या. कोणी बोलावलं नव्हतं. द्वारकेने एक पट्टा आणि फीत त्यांच्यापुढे सरकवली. बाईंचे आकडे तिच्यापेक्षाही काटेकोर असत, हे तीही मान्य करी.

एका शनिवारी द्वारका दिल्लीला गेली होती. मनगट सांधलेला वैजनाथ तपासणीला आला. बाईंना बघून खुर्चीपाशीच घुटमळला.

"त्या म्याडम न्हाईत का आज?"

"पुढच्या शनिवारी येतील."

"मग मी तवाच येतो," म्हणून तो वळला.

बाई उठल्या, त्याच्यामागे गाळ्यापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "त्यांना मीच शिकवलंय. चला, बसा."

तो परत येऊन बसला, पण केवळ त्यांचं वय बघून.