जपानचा बेत

लालासाब पाळणेवाल्यानं बायकोला घेऊन जपानला जायचं ठरवलं, तेव्हा पेठ वडगावात पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. मी त्या काळी कोल्हापुरात कलेक्टर कचेरीसमोर टाइपरायटर मांडून बसायचो. ॲफिडेव्हिट, बदलीच्या विनंत्या, रेशन कार्डाचे अर्ज असलं दिवसभर बडवायचं. एका सोमवारी लालासाब आणि रोशनबी समोर येऊन उभे राहिले.

"पासपोर्टचा फारम भराचाय," तो म्हणाला.

"कुठं निघालाय?"

"जपानला."

"पोरगा असतो काय तिकडं?"

"न्हाय. पाळण्यात बसाया जातूय."

मला वाटलं, माणूस चेष्टा करतोय. पण त्याचा चेहरा चेष्टेचा नव्हता. मागं उभ्या असलेल्या रोशनबीनं पदर तोंडावर ओढला आणि ती दुसरीकडं बघायला लागली. ती हसत होती, हे मला नंतर कळलं.

लालासाब तेव्हा पन्नाशीला आला होता. चार पेट्यांचा लाकडी पाळणा घेऊन जत्रा करायच्या, हा त्याच्या बापापासूनचा धंदा. कोडोली, वडगाव, जोतिबाचा चैत्र, पन्हाळ्याच्या बाजूचे उरूस. बैलगाडीतून आणि पुढं भाड्याच्या टेंपोतून पाळणा न्यायचा, उभा करायचा, आणि हातानं फिरवायचा. त्याचा उजवा दंड डाव्यापेक्षा ठसठशीत जाड होता. रोशनबी पैसे घ्यायची, लेकरांना पेटीत बसवायची, पुढची लोखंडी कडी अडकवायची आणि मोठ्यांदा ओरडायची, "लागली वो कडी!" मग लालासाब रेटा द्यायचा. असं अठ्ठावीस वर्षं चाललेलं.

तो पाळण्याला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. बापाच्या काळात एका रोजंदारीच्या गड्यानं जोरात रेटा दिला, कडी सुटली आणि एक पोरगी खाली पडून कायमची लंगडी झाली. लालासाबनं ते डोळ्यानं बघितलं होतं. त्यामुळं रोशनबी कधी एकटी पाळण्यात बसलीच तर हा खाली, आणि दोघांनी मिळून बसायचा प्रश्नच नाही. लग्न झाल्यावर पहिल्याच जत्रेत तिनं विचारलं होतं, "आपुन दोघं कवा बसायचं?" तो म्हणाला होता, "मंग फिरवायचं कुनी?" त्यानंतर तिनं विचारलं नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात हंबीरराव नावाचे एक कारखानदार होते. पाळण्याचा लोखंडी कणा झिजला की लालासाब त्यांच्याकडं बदलून घ्यायचा. हंबीरराव एक मशीन बघायला जपानला गेले होते. टोकियोजवळ तेव्हा नुकतंच डिस्नेलँड उघडलं होतं, तेही त्यांनी बघितलं. आल्यावर त्यांनी तिथला एक रंगीत नकाशा लालासाबला दिला. "बघ लालासाब, तुझाच धंदा हाय. फक्त तिकडं रेटायला माणूस लागत न्हाय. बटण दाबलं की फिरतंय."

लालासाबनं नकाशा घरी नेऊन रोशनबीपुढं जमिनीवर पसरला. तिनं बोटानं एकेक चित्र बघितलं. मोठमोठाले गोल, घोडे, चहाच्या कपासारखे दिसणारे, पण माणसं पोटात घेऊन फिरणारे मोठे कप.

"हितला मालक कुठं ऱ्हातोय?" तिनं विचारलं.

"कुठंबी. त्यो बी बसत आसंल की एकांद्या येळंला."

"बायकूला घिऊन?"

"बसत आसंल."

तिनं पुन्हा त्या कपांवर बोट ठेवलं. मग नकाशाची घडी घालत म्हणाली, "लई लांब हाय न्हवं?"

एवढ्यावरच बेत ठरला. हे मला लालासाबनंच पुढं सांगितलं.

नंतरचे सात-आठ महिने मी तो बेत वाढताना बघितला. दर सोमवारी दोघं वडगावचा बाजार उरकून एसटीनं यायची आणि माझ्या टेबलाजवळ बसून हिशेब करायची. मुंबईच्या एका तिकीट एजंटाला मी त्यांच्या वतीनं पत्रं लिहायचो. सगळ्यांत स्वस्त विमान बँकॉकला थांबून जाणारं होतं. तिथं सात तास बसायला लागणार होतं. "बसू की," लालासाब म्हणाला, "जत्रंत पाऊस लागला तर दोन दोन दिस ताडपत्रीखाली बसतूय आमी." राहायची सोय हंबीररावांच्या ओळखीनं झाली. टोकियोत एक पंजाबी व्यापारी होता, त्याच्या गोदामावरच्या खोलीत पाच दिवस. जेवणाचा प्रश्न रोशनबीनं सोडवला. तिकडचं मटण हलाल असेल-नसेल, म्हणून मटणाचं नावच काढायचं नाही. कडक भाकरी, शेंगादाण्याची चटणी, भडंग आणि गुळाची एक ढेप.

"भाबी, पाच दिवस भडंग खाऊन जपान बघणार?" मी म्हणालो.

"बगायचं डोळ्यानं असतंय जोतीरामभाऊ," ती म्हणाली, "पोटानं न्हाय."

लालासाबकडं शाळेचा दाखला होता. रोशनबीकडं जन्माचा एकही कागद नव्हता. ॲफिडेव्हिट करायला लागलं. मी सवयीनं एक जून तारीख टाकली.

"जून न्हाय," ती म्हणाली. "आई सांगायची, जोंधळ्याची काढणी चालूवती. जूनमदी कुठली काढणी?"

कचेरीला काय फरक पडणार होता? पण तिला पडत होता. मी कागद काढून फेकला आणि नवा टाइप केला. एक नोव्हेंबर एकोणीसशे एकोणचाळीस. तिनं तो हातात धरून दोनदा माझ्याकडून वाचून घेतला. "मला बी वाढदिवस झाला की," म्हणाली.

विरोध झाला नाही असं नाही. लालासाबचा थोरला भाऊ शमशुद्दीन माझ्यासमोरच एकदा तावातावानं बोलला. "एवढा पैका जमीवलास तर हजला जा. दोघांस्नी घडंल. आन तू पाळण्यात बसाया परमुलखात निगालाईस? वर काय सांगशील?"

लालासाब खाली मान घालून ऐकत होता. भावाचं बोलणं खोटं नाही, हे त्याला ठाऊक होतं. रोशनबीच म्हणाली, "हज चुकवनार न्हाय, भाईजान. पुन्हा जमवू आन जाऊ. ह्ये एकदाच."

शमशुद्दीन उठून गेला. त्यानंतर त्यानं भावाच्या घरचा चहा सोडला.

तिकिटाला पैसे कमी पडत होते. त्या वर्षी जत्रांत विजेवरचे मोठे पाळणे यायला लागले होते आणि लाकडी पाळण्याकडं पोरं फिरकेनाशी झाली होती. लालासाबनं निपाणीच्या एका माणसाला पाळणा विकून टाकला. टेंपोत पेट्या चढवून दिल्या आणि तसाच माझ्याकडं आला. मी चहा मागवला, त्यानं घेतला नाही. मी विचारलं, "आल्यावर काय करणार?"

"बगू की," तो म्हणाला.

दिवाळीनंतर पासपोर्ट आले. तिकिटाचे पैसे भरले. मार्चमध्ये निघायचं ठरलं. परदेशी जायचं म्हणून टोचून घ्यायला दोघं कोल्हापुरातल्या एका डॉक्टरांकडं गेली, आणि जिना चढून वर गेल्यावर रोशनबीला असा दम लागला की डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवून आधी छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकलं. लहानपणी सांधे धरायचे का, विचारलं. धरायचे, ती म्हणाली. हृदयाची एक झडप आवळत आली होती. गेली दोन वर्षं तिला जिना, चढ सोसत नव्हता. ती कुणाला बोलली नव्हती.

डॉक्टर भला माणूस. त्यांनी सरळ सांगितलं. पुण्याला नेऊन ऑपरेशन केलं तर आयुष्य वाढायची आशा आहे. नाही केलं तर वर्ष, दोन वर्षं, सांगता येत नाही.

"जपानला जाऊन आल्यावर केलं तर?" रोशनबीनं विचारलं.

"जपून गेलात तर जाऊन याल. मी बंदी घालणार नाही. पण उंच, वेगानं फिरणाऱ्या पाळण्यात बसायचं नाही."

"आन हळू फिरणाऱ्यात?"

डॉक्टर थोडं हसले. "हळू फिरणाऱ्यात बसा."

पैसे एकाच गोष्टीला पुरणारे होते. मुलगी मलिका कबनूरला दिली होती. तिचा नवरा यंत्रमागावर कामाला. ती धावत आली आणि बापाला धरून बसली, "आधी ऑपरेशन करा, अब्बा." हंबीररावांनीही तेच सांगितलं. शमशुद्दीन राग विसरून आला, पुण्याच्या दवाखान्यातली ओळख काढून देतो म्हणाला. सगळे एका बाजूला, आणि रोशनबी एकटी दुसऱ्या बाजूला.

पुढच्या सोमवारी लालासाब माझ्याकडं आला. एजंटाला तिकिटं रद्द करायचं पत्र हवं होतं. मी कागद घातला. तेवढ्यात रोशनबी रस्ता ओलांडून आली. तो तिला घरी ठेवून आला होता आणि ती मागच्या एसटीनं एकटी आली होती. तिला बोलायला श्वास पुरत नव्हता. टेबलाची कड धरून उभी राहिली.

"लिवू नगासा," ती मला म्हणाली.

"अगं, पुढच्या साली जाऊ," लालासाब म्हणाला. "बरी हो. मंग जाऊ."

"पुढच्या साली कशानं जाऊ? पाळणा इकला तुमी."

"कायबी करीन."

"आवं, मला ठावं हाय माजं. मी बरी व्हईन, न्हाई व्हईन. पर आत्ता मी चालतोय, बगतोय, बसतोय. आत्ता न्या मला."

"आन तितं काय झालं तर? परमुलखात? मी कुनाच्या दारात जाऊ?"

"व्हईना का."

"मला न्हाई जमायचं त्ये," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका चढला की शेजारचे वकील बाहेर आले. "आयुष्यभर मी कुनाला पडू दिलेलं न्हाय. तुला पडू दिऊ? जोतीरामभाऊ, लिवा."

मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती. मी काय करायला पाहिजे होतं? दोन ओळींचं पत्र होतं. मी टाइप केलं. लालासाबनं सही केली. तिच्या नावापुढं तिचा अंगठा लागत होता. तिनं हात पुढं केला, शाई लावून घेतली आणि अंगठा उमटवला. मग बोट पदराला पुसलं. मी तिला पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही.

तिकिटाचे थोडे पैसे कापून बाकीचे परत आले. फेब्रुवारीत दोघं एसटीनं पुण्याला गेली. मलिका पाठोपाठ गेली. रोशनबीनं खिडकीची जागा मागून घेतली आणि कराड येईपर्यंत बाहेर बघत होती, असं लालासाब सांगायचा. कराडच्या स्टँडवर त्यानं तिला उसाचा रस आणून दिला. साताऱ्यापुढं ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी नीट झालं म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिनं पेज खाल्ली, मलिकाला केस विंचरायला लावले. सहाव्या दिवशी पहाटे ताप चढला आणि दुपारपर्यंत ती गेली. कुणाची चूक नव्हती. त्या काळी अशा ऑपरेशनातून सगळेच उठत नव्हते, हे डॉक्टरांनी आधी सांगितलेलंही होतं.

दफन वडगावातच झालं. मी गेलो होतो. शमशुद्दीन भावाचा दंड धरून उभा होता. तो त्या दिवशी आणि पुढंही कधी हजचं एक अक्षर बोलला नाही. पण लालासाबला वाटायचं, तो मनात बोलतोय. "ह्येनं बोलून टाकावं एकदा," मला म्हणायचा. "मला बरं वाटंल."

महिन्यानं तो रोशनबीचा पासपोर्ट घेऊन आला. मेलेल्या माणसाचा पासपोर्ट सरकारला परत करायला लागतो, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. सोबत पत्र पाहिजे. मी जन्मतारीख बघून टाइप केली. तो म्हणाला, "त्यात लिवा की, वापरला न्हाय म्हनून." तसं लिहायची काही गरज नव्हती. मी लिहिलं.

पुढं तो कबनूरला लेकीकडं राहायला गेला. माग चालायचे त्या शेडमध्ये कोपऱ्यात बसून सुताच्या कांड्या भरायचा. मी अठ्ठ्याऐंशी साली इचलकरंजीला एका लग्नाला गेलो, तेव्हा वाट वाकडी करून कबनूरला त्याला भेटलो. मागांचा असा खडखडाट की कानात तोंड घालून बोलायला लागत होतं. तो मला बाहेर कट्ट्यावर घेऊन आला. वाळला होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं. माझा टाइपरायटर अजून चालतो का, विचारलं. चालतो म्हणालो.

मग तो म्हणाला, "तुमास्नी एक इचारू? तुमी माज्या जागी असता तर काय केलं असतं?"

"ऑपरेशनच केलं असतं," मी म्हणालो. खरंच तसं वाटत होतं म्हणून म्हणालो, की त्याला बरं वाटावं म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही.

त्यानं मान हलवली. "सगळी त्येच सांगत्यात. शानी मानसं हायती सगळी. डाक्टर, हंबीरराव, मलिका, तुमी." त्यानं हाताला चिकटलेलं सूत काढून टाकलं. "एक तीच न्हाय म्हनलीवती. आन जीव तिचा हुता."

मलिका चहा घेऊन आली. मी जेवूनच जावं म्हणून आग्रह करायला लागली. मी नको म्हणालो, शेवटची एसटी होती. लालासाब मला स्टँडपर्यंत सोडायला आला नाही. आत मागावरच्या कांड्या संपत आल्या होत्या, आणि त्या भरायला दुसरं कुणी नव्हतं.