आई कोणत्या वेगानं गायची

आईचा आवाज आता कॉम्प्युटरमध्ये आहे एवढं कळल्यावर आमच्या आबांनी तिची कॅसेट कानबाईबरोबर नदीत सोडली. कॅसेटवर कानबाईचीच गाणी होती. देवीचं वापरलेलं सामान उकिरड्यावर टाकत नाहीत, श्रावणातल्या सोमवारी तिच्याबरोबर पाण्यात देतात. वडील रीतीला धरूनच वागले होते, त्यांना कोण बोलणार? आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि तिचा दुसरा आवाज कुठंच नव्हता.

मी धुळ्यात खोली करून राहायचे, कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायचे. क्लासच्या मालकानंच कॅसेटवरचं एक गाणं फ्लॉपीत घालून दिलं होतं. पुढं तो क्लास विकून सुरतेला गेला, आणि वर्षाच्या आत फ्लॉपी बिघडली. दुरुस्तीच्या प्रोग्रामनं फाईल कशीबशी ओरबाडून काढली, पण तिचा सुरुवातीचा तुकडा गेला तो गेलाच. कॉम्प्युटर म्हणायला लागला, ही आवाजाची फाईल नाही. मी त्या मशीनला शिव्या घातल्या, मग टेबलावर डोकं टेकून रडले.

आवाजाच्या फायलीला सुरुवातीलाच एक ठरलेलं डोकं असतं, चव्वेचाळीस बाइटांचं. आवाज एकपदरी की दुपदरी, सेकंदाला त्याचे किती नमुने घेतले, म्हणजे तो किती वेगानं वाजवायचा, हे तिथं लिहिलेलं असतं. त्यापुढं नुसते आकडे. डोकं गेलं तरी आकडे शाबूत होते, म्हणजे आई होती. पण ती कोणत्या वेगानं वाजवायची हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. वेग आपण सांगायचा, असा एक प्रोग्राम मिळाला. सेकंदाला बावीस हजार नमुन्यांनी आई खारीसारखी चिरकली. अकरा हजारानं एक तरणीताठी बाई गायला लागली. आठ हजारानं आवाज जड झाला, ओळीओळीला दम घ्यायला लागला.

आबांना गावाहून, सोनगीरहून बोलावून घेतलं. अकरा हजाराचं ऐकताच ते उठून उभे राहिले.

"हाऊच! हाऊच तिना आवाज शे!"

आठ हजाराचं त्यांनी निम्मंही ऐकलं नाही. "बंद कर. हाई कोनी म्हतारी शे."

मला तसं वाटत नव्हतं. पण छातीवर हात ठेवून सांगता येईना, आणि त्याचीच भीती वाटली. जिच्या मांडीवर वाढले तिचा आवाज मला ओळखता येऊ नये? एकच गाणं उरलं होतं, तेही भलत्याच बाईचं म्हणून जपायचं? त्या दिवसांत मला अन्न गोड लागलं नाही.

पुन्हापुन्हा ऐकताना गाण्याच्या मधोमध एक पुरुषाचा आवाज सापडला. ओसरीवरून कोणीतरी ओरडत होतं, "च्या व्हयना का वं?" आबाच ते. आबा तर अजून माझ्याकडेच होते, समोर जिवंत बसलेले!

मी त्यांना दाराबाहेर उभं केलं. "आबा, इथून तशीच हाक मारा. चहा झाला का विचारा."

"कोनले मारू हाक?"

"आईला."

ते चौकटीला धरून उभे राहिले. मग ओरडले. शेजारीण दारात येऊन बघायला लागली. मी फाईल लावली. अकरा हजारानं आबा मिसरूड न फुटलेल्या पोरासारखे बोलत होते. आठ हजारानं बाहेरचे आबा आणि आतले आबा एक झाले.

म्हणजे ती म्हातारी आईच होती. शेवटच्या वर्षांतली. आबांना लग्नातली आठवत होती.

ते आत आले, स्पीकरजवळ बसले आणि या खेपेला अख्खं गाणं ऐकलं. ती एक ओळ म्हणायची, थांबायची, श्वास ओढायची, पुढची ओळ उचलायची. मध्येच हाक आली. तिनं गाणं तोडलं, "ठेवस," म्हणाली, चहाचं भांडं ठेवल्याचा आवाज झाला, आणि धापा टाकतच तिनं राहिलेली ओळ पुरी केली.

"इतली थकी जायेल व्हती ती," आबा म्हणाले, "आनि मी च्या मांगी ऱ्हायनू."

फायलीला नवं डोकं लावायचं होतं, म्हणून विचारलं, कोणता आकडा लिहू? तरण्या आवाजाचा लिहिला तर तो कायम तसाच वाजेल, हेही सांगितलं. त्यांना हवा असता तर मी तोच लिहिला असता.

आबांनी डोळे पुसले. "दम लागस तोच लिख," ते म्हणाले. "तिना दम तव्हय आयकू येना नही माले."