बाबांना सांगायचं राहिलं ते
मोबाइलवर 'तुमचा फोन धोक्यात आहे' अशी लाल चौकट आली, की मला मनवेलपाड्यातली ती उकाड्याची दुपार आठवते. अर्धांगवायूने बाबांची वाचा गेली होती. डाव्या हाताच्या एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करून ते कॉम्प्युटरवरून आमच्याशी बोलायचे. त्या दुपारी त्यांच्या कॉम्प्युटरवर तशीच चौकट आली, 'व्हायरस आहे, आमचा अँटिव्हायरस टाका'. व्हायरस जाईल म्हणून त्यांनी त्या खोट्या अँटिव्हायरसचं बटण दाबलं आणि कॉम्प्युटर ठप्प झाला. ते घामाघूम होऊन कीबोर्डवर बोट आपटत राहिले. "अहो, काय हवंय? पाणी देऊ?" आई रडकुंडीला आली. त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याने विंडोज नव्याने टाकून दिलं. "बाबा, काल काय सांगत होतात?" मी विचारलं. आईकडे बघत त्यांनी सावकाश लिहिलं, 'विसरलो'. खरंच विसरले होते का, हे मला आजही कळलेलं नाही.