टाकीवरून उतरवलं तेव्हा

“तुमी खाली उतरा. पूजा हाय.”

पाटील हे म्हणाले तेव्हा मी पाण्याच्या टाकीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभा होतो. कराडच्या पुढचं, कृष्णाकाठचं गाव. इंजिनिअर मी, आराखडा माझा. पाया मी उभं राहून भरून घेतलेला. आठ महिने रोज त्या पायऱ्या चढलो, आत उतरून गिलावा हातानं चाचपला. तेव्हा कुणाला विटाळ झाला नव्हता. टाकीत पाणी आलं आणि मी महार झालो.

मी आमच्या मोठ्या साहेबांकडं पाहिलं. ते चष्मा पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, “समजून घ्या हो. एका दिवसाचा तर प्रश्न आहे.”

उतरलो. होय, उतरलो. लपवत नाही. खाली माझेच गवंडी होते. कुणी नजर देईना. वर गोमूत्र शिंपडत होते. मी उभा होतो त्या पायरीवर जरा जास्तच.

गर्दीपासून लांब महारवाड्यातली एक म्हातारी घागर घेऊन उभी होती. मला म्हणाली, “लेकरा, तूच बांधलीस न्हवं? मग आमचा नळ कुठं हाय?”

नळ नकाशात होता. पाइपही आले होते. पाटलांच्या मळ्याकडं वळले. मला ठाऊक होतं. नोकरी नवी होती, गप्प बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या कचेरीत साहेबांनी टाइप केलेला कागद पुढं केला. साऱ्या गावाला पाणी मिळालं, असा दाखला. खाली माझ्या सहीची जागा.

“सारं गाव म्हणजे कोण, साहेब?”

“वाद नको. सही करा.”

“नाही करणार.”

तिथंच उभ्यानं मराठीत चार पानं लिहिली. मला कुणी उतरवलं, पाइप कुठं गेले, म्हातारीनं काय विचारलं, मी का गप्प होतो. एक प्रत साहेबांपुढं ठेवली. दुसरी सांगलीच्या एका साप्ताहिकाला धाडली.

त्यांनी छापलं. महिन्याभरात मला काढलं. वडील पलटणीतून पेन्शनीत आलेले. म्हणाले, “साहेब झाला हुतास गड्या. कागदापायी घालीवलंस.”

महारवाड्यात नळ आला नाहीच.

दुसरी नोकरी मी शोधली नाही. वही घेतली आणि मेढ्याकडच्या वाड्या-वस्त्या पायी हिंडू लागलो. कुणी कुणाचं पाणी अडवलं, नावानिशी लिहितोय. ‘समजून घ्या’ म्हणणाऱ्यांचीही नावं लिहितोय. कुणाला वगळणार नाही. मलाही नाही.