चटणीच्या डब्यातले युरो

आमच्या कसबा बावड्यात आता दर दोन घरांआड एका घरातलं पोर परदेशात आहे. लेकीचं बाळंतपण आलं की आई-बाप निघतात, आणि निघायच्या आधी माझ्या पेंडीच्या दुकानात येऊन विचारतात, "काका, खर्चाचं पैसं कसं न्यायचं हो?" मी जर्मनीला तीन महिने राहून आलोय, एवढंच माझं शिक्षण. मी सांगतो, बँकेतून प्रवासाचं कार्ड घ्या आणि बरेचसे पैसे त्यात भरा. थोड्या लहान नोटा जवळ ठेवा, त्याही एका जागी ठेवू नका. आणि घरातून काहीही दडवून, पुरून नेऊ नका. हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही.

बँकेतल्या मुलीनं मलाही हेच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. चाळीस वर्षं पेंड विकलेला माणूस मी, हाताला लागतं तेवढंच खरं मानणारा. कार्ड परमुलखात अडलं तर जावयापुढं हात पसरावा लागेल, ही खरी भीती होती. त्यापेक्षा न गेलेलं बरं, असं मी बायकोला स्पष्ट सांगितलं होतं.

याला कारण आमचे वडील. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही आमच्या घरची रीत. माझी थोरली बहीण कुरुंदवाडात दिलेली. वडील तिला भेटायला जाताना भाकरी बांधून न्यायचे, नदीच्या घाटावर बसून खायचे, तिथंच पाणी प्यायचे आणि मग तिच्या दारात जायचे. मी कॉलेजात असताना एकदा सोबत होतो. ऊन मी म्हणत होतं. बहीण तांब्या घेऊन पुढं आली. "तहान न्हाय," वडील म्हणाले. मला बापाचा फार अभिमान वाटला. असं ताठ राहता आलं पाहिजे, हे मी तेव्हाच मनात घेतलं.

आता जर्मनीला काही भाकरी बांधून नेता येत नाही. तीन महिने लेकीच्याच घरी जेवायचं. मग मी मनाशी तोड काढली. दूध-भाजी आपण आणायची, बाहेर गेलो की बिल आपण द्यायचं, आणि बाळाची बाबागाडी आपल्याच पैशातून घ्यायची. त्यासाठी युरोच्या नोटा घेतल्या. त्या ठेवायच्या कुठं, हा प्रश्न बायकोनं सोडवला. तिनं नोटा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधल्या आणि कांदा-लसूण चटणीच्या डब्यात तळाला दाबल्या.

"डब्याला कोण हात लावतंय?" ती म्हणाली. "चोर आला तर आधी शिंकंल की."

मला हे इतकं पटलं की मी तिचं कौतुक केलं. खोटं कशाला बोलू?

पोचल्यावर डबा उघडला. चटणी ताजी होती, तेल सुटलं होतं, आणि पिशवीची गाठ काही तेलाला अडवू शकली नव्हती. सगळ्या नोटा तांबड्यालाल. आम्ही दोघांनी खोलीचं दार लावून त्या पुसल्या, हीटरवर वाळवल्या. डाग राहिले, वास तर राहिलाच. पण नोट ती नोट, असं म्हणून मी त्या कागदी पाकिटात घालून खिशात ठेवल्या.

चार दिवसांनी आम्ही चौघं बाबागाडी घ्यायला गेलो. मी रुबाबात पुढं होऊन नोटा दिल्या. दुकानातल्या मुलीनं एक उचलली, उजेडात धरली, नाकाशी नेली आणि आतून कुणालातरी बोलावलं. लेक त्यांच्याशी बोलली आणि माझ्याकडं वळली. "पप्पा, इथं पैशाचं मशीन फोडलं की नोटांवर रंग उडतो. म्हणून डागाळलेल्या नोटा दुकानात घेत नाहीत."

म्हणजे मी चोर. मागं माणसं खोळंबली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जावयानं आपलं कार्ड मशीनला टेकवलं आणि गाडी ढकलत बाहेर नेली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जावई म्हणाले, "मामा, नोटा द्या, बँकेत बदलून बघतो." संध्याकाळी त्यांनी कोऱ्या, लहान लहान नोटा आणून दिल्या. "दिल्या की बदलून. तुम्ही उगंच जिवाला लावून घेतलंसा." मी सगळ्यात आधी बाबागाडीचे पैसे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते खिशात घातले.

पुढचे दिवस मजेत गेले. नात झाली. मी रोज सकाळी पाव आणि दूध आणायचो, दुकानदाराला मराठीतच राम राम करायचो. कॉफी प्यायला गेलो की जावयाच्या आधी उठून बिल द्यायचो. वडिलांनी बघायला पाहिजे होतं, असं वाटायचं.

निघायच्या दोन दिवस आधी बॅग बांधायला सुतळी हवी होती म्हणून मी स्वयंपाकघरातला खण उघडला. आधी वास आला. मग पाकीट दिसलं. आत माझ्या सगळ्या नोटा होत्या, तशाच तांबड्या.

पहिल्यांदा संताप आला. तीन महिने मी जावयाच्या पैशावर मिरवत होतो. त्यांचीच बाबागाडी त्यांच्याच पैशानं घेतली होती. बायको मागं येऊन उभी राहिली.

"तुला ठाऊक हुतं?" मी विचारलं.

"व्हय."

"मग बोलली न्हाईस?"

"तुम्ही नीट जेवायला लागलासा. कशाला बोलू?"

खण तसाच उघडा ठेवून मी खुर्चीवर बसलो. कुरुंदवाडातली ती दुपार आठवली. तेव्हा मी फक्त वडिलांकडं बघत होतो. बहीण भरला तांब्या घेऊन आत वळली आणि बराच वेळ बाहेर आली नाही, हे मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. ती तेव्हा रडली असणार. मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं, आणि स्वतःची लाज वाटली. मी पाकीट होतं तिथं ठेवलं आणि खण लावला.

निघताना उरलेल्या कोऱ्या नोटा नातीच्या मुठीत दिल्या. लेक बाळाला घेऊन दारातच थांबली, जावई आम्हाला सोडायला विमानतळावर आले. तिथं त्यांनी आमच्यासाठी चहा आणला. पुचाट चहा, कागदी पेल्यात. सवयीनं माझा हात खिशाकडं गेला, तो मी मागं घेतला. चहा संपवला.

"अजून एक मिळंल काय?" मी म्हणालो.

तीन महिन्यांत मी त्यांच्याकडं काही मागितलं ते एवढंच. ते लगबगीनं उठले आणि पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले.