पावती निघाल्यानंतरचा फोन

रविवारी सकाळी नाशिकमधल्या सातपूरच्या एसटीडी बूथसमोर ही भली मोठी रांग... आणि रांगेत मी, हातात सुट्टे पैसे घट्ट धरून. मोबाइल तेव्हा आमच्या कंपनीत फक्त मोठ्या साहेबांकडे होता. रविवारी फोनचा दर कमी, म्हणून अख्खी कॉलनी त्याच दिवशी बोलून घ्यायची.

मी तेव्हा तिथल्या एका मशीन बनवणाऱ्या कंपनीत टेक्निकल रायटर होते. म्हणजे मशीन कसं चालवायचं, कुठलं बटण आधी दाबायचं, दाबल्यावर काय होईल, हे सगळं इंग्रजीत लिहून काढायचं. हे काम करणारी कंपनीत मी एकटीच. अकाउंट्सवाल्यांनी तर मला शेवटपर्यंत टायपिस्टच समजलं!

पुण्यात हेच काम करणाऱ्या मैत्रिणींना माझ्या जवळजवळ दुप्पट पगार होता. मी कुरकुर केली की त्यांचं ठरलेलं उत्तर यायचं... अगं, नाशिकला खर्च तो काय! आणि ते खोटंही नव्हतं. पुण्यात निम्मा पगार खोलीच्या भाड्यात जायचा, इथे एवढ्याशा भाड्यात खोली, वर गच्चीसुद्धा. भाजी स्वस्त, द्राक्षांच्या दिवसांत तर मी हातगाडीवरून किलोकिलोने आणायचे.

पण खायची कोणाबरोबर? कँटीनमध्ये बायकांचं टेबल वेगळं होतं, आणि त्या टेबलावर मी एकटीच. शॉपवरचे, म्हणजे मशीनवर काम करणारे लोक वाईट नव्हते हो, पण मी आत आले की बिचारे गप्पच व्हायचे. संध्याकाळी खोलीचं कुलूप उघडलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तोंडातून शब्द नाही. एकदा दूधवाल्याशी बोलायला गेले तर आवाजच फुटेना... आधी हसू आलं, मग रडू.

आई नव्हती. बाबा दादाकडे राहायचे, त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे त्यांच्याशी फोन म्हणजे नुसता आरडाओरडा. राहता राहिली मेघना, पुण्यातली माझी जुनी रूममेट. दर रविवारी तिला फोन. भाड्यात वाचलेले पैसे मी बूथवर उडवत होते म्हणा ना.

त्या रविवारी मात्र काम होतं. तिच्या कंपनीत एक जागा निघाली होती, आणि मी ठरवूनच गेले होते... आज विचारायचंच, मी येऊ का परत? पगारासाठी नाही, खरं सांगते. पुन्हा तिच्याबरोबर खोली करून राहावं, चहा पीत वाट्टेल ते बोलत बसावं, बस्स, एवढंच हवं होतं मला.

काचेच्या केबिनमध्ये शिरले, दार ओढून घेतलं. फोन लगेच लागला आणि मी एका दमात विचारून टाकलं. ती म्हणाली, "अगं, वेडी आहेस का? पगार दिसतो, इथला खर्च बघ जरा. तुझं तिथेच बरंय. आणि मी खोली सोडतेय गं, लग्न ठरतंय माझं... ऐक ना, पाहुणे आलेत, ठेवते हां." आणि ठेवलासुद्धा.

बाहेर रांगेतले सगळे काचेतून माझ्याकडेच बघत होते. इतक्या लवकर बाहेर पडायची मला लाज वाटली... अक्षरशः लाज, की हिच्याशी बोलायला कोणी नाही हे सगळ्यांना कळेल. म्हणून रिसीव्हर कानाला लावून मी तशीच बोलत राहिले.

आधी उगाच मान डोलावली, "हो ना, हो ना" केलं. मग कँटीनचं सांगितलं, दूधवाल्याचं सांगितलं. मेघनाला जे कधीच सांगितलं नव्हतं, ते त्या बंद फोनला सांगायला लागले... की मला इथे फार एकटं वाटतं गं, आता नाही सहन होत. आवाज कधी भरून आला, कळलंच नाही.

डोळे पुसून बाहेर आले, तर रांगच नाही! बूथ चालवणाऱ्या मावशी तेवढ्या एकट्या बसलेल्या. आणि त्यांच्यासमोरच्या मशीनमधून माझी पावती लोंबत होती, केव्हाची.

समोरच्याने फोन ठेवला की पावती निघते. दिवसभर 'बटण दाबल्यावर काय होईल' लिहिणारी मी, नेमकी एवढंच विसरले होते. कानशिलं तापली माझी. कसंबसं विचारलं, लोक कुठे गेले?

मावशी सिन्नरकडच्या खेड्यातल्या, तोंडाने एकदम फटकळ. म्हणाल्या, "मशीन बिघडलंय म्हणून सांगितलं. फुडच्या चौकात हाय ना दुसरा बूथ, जातील तिकडं. तू बोलत व्हतीस ना."

रविवारची सकाळ म्हणजे त्यांच्या आठवड्याभराच्या धंद्याची वेळ. आणि पलीकडे कोणीच नाही, हे त्या पावतीवरून त्यांना पक्कं ठाऊक होतं... तरीसुद्धा.

मी पर्स उघडायला लागले, तर त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं. समोरच्या चहावाल्याला दोन बोटं दाखवली, आणि म्हणाल्या, "बस. काचेतून मला काय नीट ऐकू नाय आलं. आता सांग परत, पहिल्यापासून."

पुण्याला मी गेले नाही. एकटेपणा काही त्या एका चहाने संपला नाही, पगारही फारसा वाढला नाही. पण माझं रडगाणं ऐकायला एका बाईने ऐन धंद्याच्या वेळी गिऱ्हाईक परत पाठवलं होतं... मावशी, त्या दिवशी थँक यू म्हणायचं राहून गेलं हो. मी बोलतच बसले होते ना.