फेरविचाराचा अर्ज
एका थोर कलावंतावर झालेला अन्याय दिल्लीत आर. के. पुरमच्या एका सरकारी क्वार्टरमध्ये दूर झाला, हे फार थोड्या लोकांना, नेमकं सांगायचं तर सात जणांना, माहीत आहे. परवा ड्रॉवरमध्ये ती कॅसेट सापडली आणि तो रविवार आठवला. कॉलेजातल्या आम्हा सहा मित्रांचा रॉक ऐकण्याचा क्लब होता आणि सगळ्यांचे वडील केंद्र सरकारात असल्यामुळे प्रत्येक अल्बमवर शेरा मारून फाइल ठेवायचो. आमच्या लाडक्या, पिकल्या केसांच्या रॉक गायकाने पॉप अल्बम काढला, त्यावर ‘नामंजूर’ असा शेरा पडला. मी एकट्याने फेरविचाराचा अर्ज दिला; सुनावणी रविवारी आमच्या घरी. हरलो तर क्लबमधून बाहेर, असं ठरलं. "यार, ये तो शादी का बँड है," अध्यक्ष म्हणाला. "गिटार कमी झाली म्हणून पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकू येतोय. नीट ऐक," म्हणत मी कॅसेट पुन्हा पूर्ण वाजवली. मतदान झालं, तीन विरुद्ध तीन. तेवढ्यात आई आली. "हा बरा गातो रे. तो नेहमीचा ओरडणारा कुठे गेला?" "आई, हा तोच आहे." "अच्छा? मग सुधारला की!" म्हणत तिने हात वर केला आणि अल्बम मंजूर झाला. आता मोठमोठे समीक्षक त्याला उत्कृष्ट म्हणू लागलेत, आणि आमचा शेरा त्यांच्या कितीतरी आधीचा आहे, याचा मला अजून अभिमान वाटतो. आईने मत का दिलं, ते तिने नंतर सांगितलं: तिला खोली झाडायची होती.